पट्टीवरचा काळा टाका

साळूबाईंनी काचेची नळी चिमट्यात पकडून चुलीच्या जाळावर धरली. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब. ते उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि भाजल्या विटेसारखं लाल होऊन थांबलं. साखर आजही उतरली नव्हती.

सून भामानं नळीकडं पाहिलं, मग गुळाच्या डब्याच्या कुलपाकडं.

"आत्याबाई, खरं सांगा. गुळाला हात लावलासा न्हवं?"

"किल्ली तुझ्या कमरंला. मी काय उंदीर हाय व्हय, डबा कुरतडाया?"

सोप्यातून लेक, दादासो, बोलला, "आये, ह्या खेपंलाबी लालच निघालं तर मिरजेला भरती करा, असं डॉक्टरांनी लिवलंय. आता तुझं तू बघ."

बहात्तरच्या दुष्काळात साळूबाईंनी एकटीनं ऊस जगवला होता. त्याच उसाच्या घरात त्या आता गूळचोर ठरल्या होत्या.

त्यांनी ट्रंकेतून मांजरपाटाची पट्टी काढली. रोजचा रंग लिहून महिन्याला पाठवा, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावरून ते इन्शुलिन किती टोचायचं ते कळवत. फलटणहून मिरज म्हणजे एसटीचा अख्खा दिवस. साळूबाईंना लिहिता येत नव्हतं, आणि कार्डावर आपल्या लघवीची बातमी पोस्टमनला वाचायला द्यायची नव्हती. म्हणून त्या रोज त्या त्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालत आणि पट्टी पाकिटातून जाई. दोन महिन्यांत संध्याकाळचं इंजेक्शन दोनदा वाढलं होतं.

निळा म्हणजे साखर नाही; त्या दोऱ्याचं रीळ हाताशीच होतं. साळूबाईंचं बोट त्यावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी लालच ओवला. टाका घालून झाल्यावर शेजारी एक काळा घातला, आणि आठवून आठवून मागच्या काही दिवसांच्या टाक्यांशेजारीही घातले.

"ह्यो कशाचा? डॉक्टरांनी काळा सांगितलाच न्हाई," भामा म्हणाली.

"त्यांनी न्हाई, मी सांगतीया. दादासो, चिठ्ठीत लिव. काळा म्हंजी पहाटं घामानं चोळी भिजली आन् हात थरथरलं."

भामा दचकली. "मला उठवलं का न्हाई?"

"उठवून काय सांगू? गूळ पचला न्हाई म्हणाली असतीस."

बारा दिवसांनी उत्तर आलं. भामा सातवीपर्यंत शिकलेली. तिनं उभ्यानंच वाचायला घेतलं.

"साळूबाईंस नमस्कार. तुमच्या पट्टीवर जिथे काळा टाका, तिथे लाल हटकून आहे. संध्याकाळचं इंजेक्शन जास्त होतंय. पहाटे साखर फार खाली जाते आणि शरीर ती उलट वर ढकलतं. माझा अंदाज चुकला. आठ युनिट कमी करा. भरतीची गरज नाही. पुन्हा तसा घाम आला, तर ताबडतोब गुळाचा मोठा खडा..."

भामा थांबली. तिनं तेवढीच ओळ मनात परत वाचली.

"पुढं वाच की," साळूबाई म्हणाल्या.

"...खावा. गूळ उशाशी ठेवावा."

दादासो वहाणा शोधायला बाहेर गेला. भामानं कुलूप काढलं, खडा फोडला, कागदात बांधून सासूच्या उशीखाली ठेवला.

साळूबाईंनी पुडी उघडून पाहिली. "बारका हाय. डॉक्टरांनी मोठा लिवलाय."

नवव्या दिवशी सकाळी नळी उकळली आणि हिरव्यावरच थांबली. भामा अंथरूण काढत होती. उशीखालचा खडा तसाच होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिनं तो अंगणात झटकला, डब्यातून नवा मोठा खडा फोडून आणला आणि कुणी न सांगता सुईत हिरवा दोरा ओवून सासूपुढं धरला.