क्लॅरीच्या घरचा लिलाव

क्लॅरी डन्स्टन वारला आणि त्याचं शेत रोवेनाला मिळालं. या बातमीचा सगळ्यात मोठा धक्का रोवेनालाच बसला. क्लॅरी तिच्या आईचा मामा. तिनं त्याला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, एका लग्नात, तो कोटाच्या खिशात केक कोंबत असताना.

नवरा डंकन आणि शाळकरी मुलगी आयला यांना घेऊन ती मेलबर्नहून आमच्या खोऱ्यात आली, ती सगळं विकून मोकळं व्हायला. क्लॅरीचं नि माझं शेत लागूनच. मधे एक कुंपण.

डंकननं आधी सामानाचा लिलाव ठेवला. शनिवारी सकाळी अंगणात शिड्या, करवती, खुर्च्या, भांडीकुंडी मांडली. गर्दी मरणाची. तो खुशीत आला. त्यानं एक शिडी उभी केली.

"बोला, काय देताय?"

"देऊ कशाला? माझीच आहे ती," पोस्टातली बेरिल म्हणाली. "छताला रंग द्यायचाय म्हणून घेऊन गेला मेला. रंग दिलेला दिसत नाही."

डंकननं कसनुसं हसत करवत उचलली.

"ती माझी," म्हातारा नेव्हिल म्हणाला. "दांडा बघ, नाव कोरलंय."

मग काय, रांगच लागली. मीही गप्प बसले नाही. "त्या खुर्च्या माझ्या हं. ख्रिसमसला नेल्या होत्या. कुठल्या ख्रिसमसला ते विचारू नका."

"अहो, मग त्यांचं स्वतःचं असं काय होतं?" रोवेनानं विचारलं.

सगळे विचारात पडले.

"कुत्रा," नेव्हिल म्हणाला. "पण तोही बहुतेक माझ्या मेव्हण्याचाच."

दुपारपर्यंत घर पार रिकामं झालं. रोवेना पायरीवर बसून हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डंकन हसला नाही. त्याला चहा हवा होता आणि किटली बेरिलच्या गाडीत होती.

"झोपणार कशावर?" मी विचारलं.

"गाडीत," तो तोडून म्हणाला.

मी घरी जाऊन दोन गाद्या आणि त्याच खुर्च्या घेऊन आले. पाठोपाठ बेरिल किटली घेऊन आली. "नुसती वापरायला देतेय हं. परत पाहिजे."

नेव्हिलनं मटणाचं पातेलं आणलं. तेही परतीच्या बोलीवर.

"आई," आयला म्हणाली, "म्हणजे हे सगळं द्यायला आपल्याला पुन्हा यावं लागणार?"

सुट्टी लागली तशी तिघं पुन्हा आली. पुढच्या सुट्टीतही. एक गिऱ्हाईक जमीन बघायला आलं, तेव्हा रोवेनानं त्याला चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि वाटेला लावलं. आता त्या रानात माझ्या गाई चरतात आणि कुंपण डंकन दुरुस्त करतो, वाकडं का होईना.

प्यायचं पाणी मात्र तो अजून शहरातून आणतो. घरात ज्या पावसाच्या टाकीतलं पाणी येतं, तिच्यात बेडूक राहतो, हे आयलानं त्याला सांगायला नको होतं.