अनुसयाबाईंचं अठ्ठ्याण्णव

साल १९९९, दसऱ्याचा आदला दिवस.

बोरगाव मेघेच्या वळणावर अनुसयाबाईंचा टायपिंगचा वर्ग बावीस वर्षं चालू होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली वर्ध्याच्या निम्म्या कचेऱ्यांत बसल्या होत्या. पण त्या पावसाळ्यात समोरच ओमप्रकाश कापडवाल्यानं कॉम्प्युटरचा वर्ग उघडला, दाराला काळी काच लावली, आणि मुली एकेक करून रस्ता ओलांडू लागल्या. बाईंकडे नऊच उरल्या. त्यांच्या घरच्यांनीही सांगून ठेवलं होतं, दसऱ्यापर्यंत वाट पाहू.

म्हणून बाईंनी नागपूरहून जुना कॉम्प्युटर आणला. त्यात विंडोज पंच्याण्णव होतं आणि समोरच्याकडे अठ्ठ्याण्णव. ते बदलायचं काम बंडूजींकडे आलं. बंडूजींचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता. "त्यात आवाज, यात चित्र, बाकी तेच," असं ते सांगत.

दुपारी त्यांनी सीडी घातली. पडद्यावर पट्टी सरकू लागली. पाऊण तास लागणार होता आणि बंडूजींच्या पोटात कावळे ओरडत होते. बाई झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलेल्या. मॉनिटर जुना, मधूनच अंधारायचा. खालची चकती फिरवली की पुन्हा उजळायचा. निघताना बंडूजींनी झाडलोट करणाऱ्या पंचफुलाला सांगितलं, "हे पाह्यजो जरा. अंधारलं तर वाढवून देजो."

आता या वर्गात 'बंद' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. बाईंना तो अशुभ वाटे. रोज संध्याकाळी त्या म्हणत, "पंचफुला, वाढव," आणि पंचफुला मेन स्विच खाली ओढून हात जोडी.

वीस मिनिटांनी पडदा अंधारला. पंचफुलानं मेन स्विच खाली ओढला, हात जोडले आणि मशीन फडक्यानं नीट झाकलं.

बाई नि बंडूजी एकाच वेळी दारात आले.

"काऊन बंद केलं?" बंडूजी म्हणाले.

"बंद नाई केलं. वाढवलं."

"मी त्या चकतीचं म्हटलं होतं."

"चकतीचं नाव घेतलं का तुमी? वाढव म्हटलं, म्या वाढवलं. वाढवणं म्हणजे काय ते बाईलेच विचारा."

बाईंना रागवायचं होतं, पण अकरा वर्षं पंचफुलाला तसं त्यांनीच शिकवलेलं होतं. स्विच वर केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी आल्या.

"मेलं का?" बाईंनी विचारलं.

"मेलं नाई, अडकलं. पयल्यापासून टाकाव लागते."

तेवढ्यात लाइट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला, आणि दहाला मुलींच्या आईबापांना नवं मशीन पाहायला बोलावलेलं.

बंडूजींनी सीडी पुन्हा घातली. बाईंनी खुर्च्या मशीनकडे वळवल्या. "तयार माल सगळेच दाखवतात," त्या आलेल्यांना म्हणाल्या. "आपण कसं होते ते पाहू. चिवडा घ्या."

सोनं द्यायच्या निमित्तानं ओमप्रकाशही आला आणि पुढच्या खुर्चीत बसला. "मॅडम, तुमचं तर अभी चालूच नाई झालं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

इतक्यात पट्टी थांबली. "मशीन नाव विचारून राह्यलं," बंडूजी म्हणाले.

बाईंनी ओमप्रकाशकडे पाहिलं. "भाऊ, तुमी आजचे पाहुणे. माझं नाव तुमच्या हातानं होऊ द्या."

वीस माणसांसमोर नाही कसं म्हणणार? ओमप्रकाशनं एक बोट काढलं. 'ए' सापडला. 'एन'साठी बोट सगळ्या कीबोर्डवरून फिरलं. 'यू' काही सापडेना.

"हे एबीसी लाइनीनं काऊन नाई लावलं?" तो पुटपुटला.

मागून सपनाचा आवाज आला. ती बाईंची सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी. हातात चिवड्याची बशी आणि नजर खिडकीबाहेर. "वरच्या ओळीत पाहा भाऊ, वाय आणि आयच्या मधात."

एका मुलीच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या वर्गात हेच शिकवतात ना?"

"त्याच्यासाठी मास्तर ठेवला आहे."

"मास्तर कुठं आहे?"

"गावाले गेला."

सात अक्षरांना चार मिनिटं लागली. मग संस्थेचं नाव टाकायला बाईंनी सपनाला बसवलं. तिनं बशी मांडीवर ठेवली, छताकडे पाहिलं आणि बोटं चालवली. आया एकमेकींकडे पाहू लागल्या. अकराला अठ्ठ्याण्णव उघडलं, तेव्हा त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्षच नव्हतं.

नऊच्या नऊ मुली राहिल्या. दिवाळीपर्यंत चौघी रस्ता ओलांडून परत आल्या.

ओमप्रकाशनं दोन वर्षांनी काळी काच काढून पुन्हा कापड मांडलं. सुनेला मात्र टायपिंगला बाईंकडेच पाठवलं. सपना नागपूरच्या कोर्टात स्टेनो झाली. बंडूजी पुढे मोबाईल उघडू लागले आणि २००६ साली गेले. पंचफुला रोहण्याला लेकाकडे राहायला गेली. तिथं ती नातवाचा टीव्ही किती वाजेपर्यंत चालेल ते ठरवते. बाईंनी २००९ साली आपल्या टायपिंगच्या मशिनी मागेल त्या मुलीला देऊन टाकल्या. एक ठेवली, आणि शेवटपर्यंत पत्रं तिच्यावरच लिहिली.