माझ्या अंगावरची पितळी पाटी

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. पूर्णा नदीच्या काठी एका बौद्ध वस्तीत, कडुनिंबाखाली चार विटांवर मला ठेवले आहे. माझ्यावर छप्पर नाही. पावसाळ्यात मी भिजतो, वैशाखात तापतो, आणि माझ्या धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे. तुम्ही म्हणाल, मालक मोठा निष्काळजी दिसतो. तसे मुळीच नाही. माझ्या मालकाइतका काळजीवाहू माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याने मला असे उघड्यावर का ठेवले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म फार लांबचा, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तेव्हा मोठे युद्ध चालू होते. मी फौजेसाठी घडलो, जहाजातून या देशात आलो, आणि दोन वर्षे तंबूंना दिवे पुरवले. युद्ध संपले तशी माझी गरजही संपली. लिलावात मी या हातातून त्या हातात गेलो आणि शेवटी बडनेऱ्याला जुन्या सामानाच्या एका दुकानात, फुटक्या कंदिलांच्या शेजारी, अकरा वर्षे गंजत पडलो. मोडीत निघालेल्या वस्तूला दिवस मोजता येत नाहीत असे लोकांना वाटते. मला येत होते.

१९५७ सालच्या हिवाळ्यात जानराव तिथे आला. उंच, काटक, बोलायला कमी. तोही फौजेत मोटारी दुरुस्त करून परतलेला. त्याने मला रॉकेलने धुतले, प्लग बदलला, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मी जो आवाज केला, त्याने दुकानदाराच्या हातातला चहा सांडला. जानराव नुसता हसला आणि म्हणाला, "जित्ता हाय अजून."

माझ्या कुशीवर एक पितळी पाटी आहे, तळहाताएवढी, चार खिळ्यांनी ठोकलेली. तिच्यावर इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत. काय लिहिले आहे ते मलाही ठाऊक नव्हते. आपल्याच अंगावर लिहिलेले आपल्याला वाचता येऊ नये, ही माझ्या जन्माची गोष्ट आहे.

जानरावने मला घेतले ते त्याच्या बहिणीसाठी. शकुन तिचे नाव. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली होती, विशीतली होती, आणि तिच्या गळ्यात असे काही होते की रडणारी पोरे गप्प होत. आदल्या वर्षी सगळ्या वस्तीने दीक्षा घेतली होती. जुने देव, जुनी भुते, सगळी सोडून दिली होती. नवी गाणी हवी होती, ती शकुन गाई. गाव मोठे, आवाज एकटा, म्हणून जानरावने भोंगा आणला, भोंग्याला बॅटरी आणली आणि बॅटरी भरायला मला आणले. दिव्याचे कामही माझ्याकडेच आले.

पण खरी गरज पडे ती पावसाळ्यात. वर्षावासाचे तीन महिने वस्तीवस्तीत संध्याकाळी ग्रंथवाचन आणि गाणी होत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत वऱ्हाडातली काळी माती अशी चिकटे की बैलगाडीचे चाक फिरत नसे. मग नदीच वाट होई. देवमन भोयाकडे एक रुंद नाव होती. त्याने अकोल्याच्या जिनिंगमधले जुने बारदान आणून, कापसाच्या गाठी बांधायचे ते गोणपाट, त्याचे शीड शिवले होते. पूर्णा वाहते मावळतीकडे आणि पावसाळ्यातला वारा येतो मावळतीकडून. म्हणून वर जाताना शिडात वारा भरायचा, परतताना प्रवाहावर सोडून द्यायचे. वाटेत मी धडधडत बॅटरी भरायची आणि गाव आले की भोंगा बोलायचा. त्या पोत्याच्या शिडाखाली मी स्वतःला आगबोटीचे इंजिनच समजत असे.

पहिले दोन पावसाळे फार सुखाचे गेले. मी नावेच्या टोकाला उघड्यावर बसे. काठावरची गुरे माझा आवाज ऐकून उधळत, देवमन शिव्या घाली आणि शकुन हसे. एका गावी एक म्हातारी कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याजवळ आली. बोट कुंकवात बुडवले आणि मग तिला आठवले की आपण आता हे करत नाही. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि ती परत गेली. तेवढे कौतुक मला आजही पुरते.

तिसऱ्या पावसाळ्यात एका गावी सरीवर सर आली. वाटेत माझ्या प्लगात पाणी गेले आणि बॅटरी अर्धीच भरली. शकुनचे गाणे ऐन रंगात आले असताना भोंगा मुका झाला. लोकांनी टाळ्या वाजवून वेळ निभावून नेली. पण जानरावला ते फार लागले. त्याने बांबूच्या कमानी वाकवून नावेत ताडपत्रीचा मांडव केला आणि मला आत, मधोमध ठेवले. पाठीमागून पाऊस येतो म्हणून मागे गोणपाटाचा पडदा सोडला. पुढेही एक सोडला. माझ्यावर एक थेंबही पडू नये म्हणून त्याने दोन दिवस खपून ते सगळे केले. मित्रांनो, माझे लाड झाले ते एवढेच, आणि तेच नडले.

देवमनने मांडवात डोके घालून पाहिले आणि म्हणाला, "जानरावभाऊ, धूर कोंडन नाई का आतमंदी?"

उत्तर शकुननेच दिले. "देवमनभाऊ, माहा जनम चुलीपाशी गेला. हा काय धूर हाय? डोयातून टिपूसबी काढत नाई."

मग तिने माझ्या पाटीवर बोट ठेवले. ती मराठी चौथी शिकलेली होती, अक्षर दिसले की वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. "भाऊ, हे इंग्रजीत काय लिवलं हाय?"

जानराव फौजेत इंग्रजी अक्षरे शिकला होता, पण हुकुमाचे चार शब्द ओळखण्यापुरती. अक्षरे लागत, अर्थ लागत नसे. पण वस्तीतले लोक त्याच्याकडे तारा आणि कागद वाचायला आणत. बहिणीसमोर, देवमनसमोर, त्याला ते सांगवले नाही. त्याने पाटीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "कारखान्याचा पत्ता हाय."

शकुनने मान डोलावली. भावाने वाचले म्हणजे वाचले.

तो दिवस श्रावणातला, दुपारचा. पाऊस बारीक होता आणि वारा चांगला. नाव वाऱ्याबरोबरच चालली होती, म्हणून नावेवर मात्र वाऱ्याची झुळूक लागत नव्हती. जानराव शिडाची दोरी धरून बाहेर भिजत होता, देवमन मागे सुकाणूवर. मांडवात मी आणि शकुन. ती संध्याकाळचे नवे गाणे गुणगुणत होती. माझा श्वास नळीतून बाहेर पडत होता आणि ताडपत्रीला लागून परत खाली येत होता.

थोड्या वेळाने तिने कपाळ दाबले. पडद्यातून डोके काढून म्हणाली, "भाऊ, डोकं जड झालं. झोप येऊन राहिली."

"निज मंग घडीभर. संध्याकाळी गायचं हाय तुले."

ती माझ्याशेजारी आडवी झाली. गाणे चालू होते. एक ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. मला वाटले, ती आठवून पाहते आहे. मी वाट पाहिली. मी धडधडत राहिलो, कारण मला दुसरे काही येत नाही. बंद पडतो म्हणून लोक मला नावे ठेवत, मित्रांनो, आणि त्या दुपारी मी एकदाही बंद पडलो नाही.

गाव आल्यावर जानरावने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग पडदा वर केला. तिचे गाल लाल दिसत होते, नुकतीच उन्हातून चालत आल्यासारखे. त्याने तिला उचलून काठावर आणले, पावसात, वाऱ्यात ठेवले. दवाखाना चार कोसांवर आणि मध्ये सगळा चिखल. वस्तीतल्या बायांनी तिचे तळवे चोळले. ती श्वास घेत होती, एवढेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितले. जानराव तेव्हा लहान पोरासारखा रडला.

पण जी उठली ती पुरती शकुन नव्हती. ती माणसे ओळखे, भाकरी थापे, विहिरीवर जाई. गाणे मात्र पहिल्या ओळीपलीकडे जात नसे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती थांबे आणि विचारी, "पुढं काय होतं, भाऊ?" वही हातात दिली तर ती शब्द वाचे, शाळेतले पोर धडा वाचते तसे, चालीवाचून. काठाकाठाच्या गावांत बोलवा उठली की नदीतल्या आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवींनी, पोरीचा गळा ठेवून घेतला.

देवमनच्या मनाने तेच घेतले. तो एक दिवस नारळ घेऊन आला. "भाऊ, मी सोडतो पान्यात. तू नोको सोडू. आसरायचं त्यायले देऊन टाकू, पोरगी मोकयी होईन."

जानरावने नारळाकडे पाहिले, मग नदीकडे. मला वाटले, तो हो म्हणेल. हो म्हणणे फार सोपे होते. नदीवर ढकलले असते तर नदी काही बोलली नसती.

"देवमन, तुयं मन चांगलं हाय," तो शेवटी म्हणाला. "पन आमी आता आसरा मानत नाई, भुतं मानत नाई. हात वर करून बोललो आमी तसं. मंग हे केलं कोनं? कोनीतं केलंच असन."

देवमन नारळ घेऊन परत गेला. त्या दिवसापासून जानराव संध्याकाळी माझ्यासमोर बसू लागला. मला सुरू करत नसे, नुसता बसे. चिंचेने तो माझी पाटी घासे. घासूनघासून अक्षरे लखलखीत झाली. त्याचे ओठ एकेक अक्षर जुळवत आणि थांबत. शकुनचे गाणे थांबे तसेच. त्याला संशय आला होता, आणि संशयाचे उत्तर आपल्या हाताखालीच आहे हेही त्याला कळले होते. म्हणून कोणाला विचारायला तो दीड वर्ष धजला नाही. ते दीड वर्ष आम्हा दोघांनाही झोप नव्हती. वाऱ्याने कडुनिंब हलला तरी मला वाटे, ती अर्धी ओळ आता पुरी होईल.

१९६२ साली शाळेत जयवंताबाई नावाच्या मास्तरीण आल्या, अमरावतीला शिकलेल्या. एका रविवारी जानराव त्यांना घेऊन आला. बाई माझ्यासमोर खाली बसल्या, पाटीवरून बोट फिरवत वाचू लागल्या, आणि अर्ध्यावर त्यांचे बोट थांबले. मग हळू आवाजात त्यांनी मराठीत सांगितले. हे यंत्र बंद जागेत चालवू नये. याचा धूर विषारी आहे.

"जानरावभाऊ, हे आधी कोणी वाचलं नव्हतं का?"

"मीच वाचलं होतं, बाई," जानराव म्हणाला. "पत्ता हाय म्हनलं होतं."

त्याच संध्याकाळी त्याने शकुनला सगळे सांगितले. त्याला वाचता येत नव्हते, तो खोटे बोलला, लाज वाटली म्हणून. तिने थापायची भाकरी तशीच परातीत ठेवली. मग म्हणाली, "तुले येत नव्हतं तं मले सांगायचं नं, भाऊ. आपन दोघं मिळून कोनाले विचारलं असतं." त्याच्या मनात शिव्याशाप ऐकायची तयारी होती. त्याला तेच सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी त्याने लाल रंग आणला. माझ्या टाकीवर मोठ्या मराठी अक्षरांत त्याने लिहिले आणि शेवटचे वाक्य स्वतःचे घातले: "हे यंत्र बंद जागेत चालवू नका. याचा धूर विषारी आहे. तो दिसत नाही, आणि निजलेलं माणूस पुरतं उठत नाही." मग त्याने मला उचलून या कडुनिंबाखाली आणले, चहूबाजूंनी वारा लागेल असे. त्याने मला विकले नाही. दुसऱ्याच्या मांडवात हे जाऊ नये, म्हणाला.

आता १९६८ साल आहे. जानराव जयवंताबाईंकडे रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकला. वस्तीत कोणतेही नवे यंत्र, औषधाची बाटली, फवारणीचा डबा आला की आधी त्याच्याकडे येतो. जिथे त्याला कळत नाही तिथे तो मोठ्याने म्हणतो, "हे मले समजत नाई," आणि पोराला बाईंकडे पाठवतो. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. वस्तूला ऊनपावसापासून जपा, पण तिच्या अंगावर काय लिहिले आहे तेही वाचा. आणि वाचता आले नाही तर तसे सांगा. हे सांगायला जानरावला जे मोजावे लागले ते तुम्हाला मोजावे लागू नये.

आणखी एक सांगतो. रंग ओला होता त्याच दिवशी शकुन माझ्यासमोर येऊन बसली. लाल अक्षरे तिने एकदा वाचली, पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना ते वाचणे राहिले नाही. त्या दुपारी नावेत अर्ध्यावर थांबलेल्या गाण्याची चाल तिच्या गळ्यात उतरली आणि तिने माझ्यावरची अक्षरे त्या चालीवर म्हटली. जानराव उंबऱ्यात उभा होता, तो तसाच खाली बसला. ती आजही रोज संध्याकाळी येते आणि तेच गाते. तिची बाकीची गाणी परत आली नाहीत. हे एकच ती शेवटच्या शब्दापर्यंत म्हणते, मध्ये कुठे थांबत नाही.