राखणदाराचा घास

चामटोली गावाच्या अलीकडे, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत भात लावला जायचा, तिथे आता बिल्डरने पत्रे ठोकून घेतलेला मोकळा प्लॉट आहे. त्या प्लॉटवर दर रविवारी सकाळी दोनेक हजार माणसं उजवी मूठ घट्ट आवळून उन्हात उभी असायची. घाम पुसायचा तर डाव्या हाताने. उजव्या मुठीत गूळ-खोबऱ्याचा घास, तो खाली पडता कामा नये. समोर मांडवात भूमिनाथ महाराज, त्यांच्या मागे मातीचा ढीग, आणि ढिगाशेजारी छातीएवढं उंच निळं पिंप. त्या पिंपात काय होतं ते पुढे सांगते.

चमत्कार असा होता. रांगेतला माणूस मांडवात आला की मुठीतला घास ढिगावर ठेवायचा. लगेच चेला त्याच हाताच्या बोटाला सुई टोचायचा आणि रक्ताचा थेंब शुगरच्या मशीनला लावायचा. आकडा स्पीकरवरून सांगितला जायचा. चारशे ऐंशी. पाचशे वीस. गर्दी हळहळायची. मग महाराज त्याचे हात तीर्थाच्या घंगाळात बुडवून काहीतरी पुटपुटायचे, आणि त्याच ओल्या बोटाला दुसरी सुई. एकशे चाळीस. सगळं पाच मिनिटांत. मशीन बाजारात मिळतं तेच, आकडे डोळ्यांदेखत. इंजिनिअर झालेली पोरं मोबाइल उंच धरून शूटिंग करत होती, मग अडाण्यांना काय बोल लावायचा?

सुया टोचून होईपर्यंत महाराजांचं तोंड चालूच. "भूमिपुत्रांनो, बापजाद्यांनी कसलेली काळी आई तुम्ही विकली. विकताना बांधावरच्या राखणदाराला विचारलं? नाय विचारलं. तुम्ही टॉवर बघितले, गाडी बघितली, तो बिचारा उपाशी राहिला. उपाशी देव कुठं जाणार? मालकाच्या रक्तात शिरला. डॉक्टर लोक त्याला शुगर बोलतात. अरे, ती शुगर नाय, ती त्याची भूक आहे. भुकेला गोळी देतात काय? घास देतात."

हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल. आम्हाला हसू येत नव्हतं, आणि त्याला कारण आहे. आम्ही आगरी. कापणी झाली की बांधावर नारळ आणि गूळ ठेवून शेताच्या राखणदाराला राखण द्यायची, ही आमच्या घरांची रीत. माझे वडील द्यायचे. शेतं विकली गेली, बांध बुलडोझरखाली गेले, आणि राखण द्यायची कुठे हेच कुणाला कळेना. पार्किंगमध्ये नारळ ठेवणार का? म्हणून ती राहून गेली. मनाला लागलेली ही बोच त्या माणसाने बरोबर हेरली आणि तिच्यावर मांडव घातला.

त्यात त्याच्या बोलण्यातलं एक टोक खरं होतं. मी मांजर्लीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढते. जमिनी गेल्या आणि मागोमाग आमच्या घरांत शुगर आली, हे मी रिपोर्टांवर पाहिलंय. लोकांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. फक्त त्याचा अर्थ त्यांनी एका भामट्याला लावू दिला.

माझी थोरली बहीण तुळशी सहा वर्षं इन्सुलिनवर होती. पहिल्या रविवारी तिचा आकडा पाचशे चाळीसवरून एकशे अडुसष्टवर आला. तिचे यजमान हरिचंद्र भाऊजी महाराजांच्या कमिटीवर होते. त्यांनी मला आनंदाने फोन केला की तुझी ताई सुटली, इन्सुलिनची पेनं पिंपात टाकली. मी त्यांना वाटेल ते बोलले आणि फोन आपटला. पुढचे तीन आठवडे त्या घरातला एकही फोन मी उचलला नाही. ताईचाही नाही.

तिसऱ्या शनिवारी ताईच्या सुनेचा, प्रगतीचा मेसेज आला. आईंच्या पायाला वास येतोय, एवढंच लिहिलं होतं.

रविवारी मी लॅबमधून थेट प्लॉटवर गेले. मांडवाच्या कडेला ताई खुर्चीत बसली होती. ओठ फुटलेले, पायाशी पाण्याची मोठी बाटली रिकामी. मी तिची साडी जरा वर केली. नव्या चपलेने करंगळीला फोड आला होता, त्यावर हळद थापलेली. हळदीखाली करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. वास सांगण्यासारखा नव्हता. मी भाऊजींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं. ते म्हणाले, अकरा रविवार पुरे होईपर्यंत इन्सुलिनची सुई लागली तर राखणदार दुप्पट भुकेने परत येईल, असं महाराजांनी बजावलंय. ताईकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले होते. तो माणूस तिच्यावर जीव टाकतो, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त चीड आली.

शेजारीच ते पिंप होतं. मी आत डोकावले. गोमूत्रात कालवलेला चिखल, त्यात फुगून विरघळलेल्या गोळ्या, पाकिटं, इन्सुलिनची पेनं, कुणाचं तरी ब्लडप्रेशरचं औषध, वर माशांचा थर. शेकडो माणसांचं जगणं तिथे कुजत पडलं होतं आणि लोक त्याला हात जोडत होते.

भांडून काही होणार नाही हे दिसत होतं. मी रांगेत उभी राहिले.

परातीत गूळ-खोबरं मळायला ठाकरवाडीची तानीबाय बसली होती. सत्तरीची, काटकुळी, मजुरीला आलेली. तिने माझ्या मुठीत घास दिला. उन्हाने गूळ पाझरला, बोटं चिकट झाली. हा घास धरलेला हात धुतला तर राखणदाराचा अपमान, असं चेले पुन्हापुन्हा सांगत होते. मांडवात माझ्या बोटाला सुई टोचली आणि स्पीकर बोलला, चारशे अडतीस.

त्याच सकाळी लॅबमध्ये शुगरच्या मशीनच्या नवीन पट्ट्या तपासताना मी माझंच रक्त घेतलं होतं. एक्याण्णव आलं होतं.

आमच्या कामात शिकवतात ती पहिली गोष्ट हात धुण्याची. संत्रं सोललेल्या बोटाचं रक्त घेऊन एका बाईला मीच एकदा घाबरवून सोडलं होतं. तरी तीन आठवडे मला हे सुचलं नाही, कारण मी रागावण्यात गुंतले होते.

महाराजांना मी म्हटलं, मला शुगर नाही, मी जमीनही विकलेली नाही. ते गोड हसले. "तुझ्या बापाने विकली ना, बेटा?" उत्तर तयार होतं. असल्या माणसाकडे प्रत्येक उत्तर तयार असतं. मी म्हटलं, मग ज्याच्या बापाने, आज्याने कधी जमीन विकलीच नाही, अशा माणसाची घ्या. तानीबायची घ्या. महाराज म्हणाले, मजुरांना रांगेत घेत नाही. तेव्हा भाऊजीच पुढे झाले. त्यांचा विश्वास पक्का होता. "घ्या की महाराज, हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे," असं ते माइकजवळच म्हणाले, आणि दोन हजार माणसांसमोर महाराजांना आता नाही म्हणता येईना.

तानीबायने परातीतला हात तसाच पुढे केला. चेल्याने सुई टोचली, मशीनकडे पाहिलं आणि मग महाराजांकडे. मी मशीन हातात घेतलं. आकडा नव्हताच. नुसती दोन इंग्रजी अक्षरं होती, 'हाय'. म्हणजे सहाशेच्या वर, मशीनला मोजता येईना इतकी साखर. मी ते माइकवर सांगितलं आणि तिला विचारलं, "तानीबाय, तू किती जमीन विकलीस?"

"मना कुठली जमीन, बाय?" ती म्हणाली. "घर बी फारिष्टाच्या जागंत हाय."

फारिष्ट म्हणजे वनखातं. मागून कुणीतरी हसलं. मी तिला पाण्याच्या टँकरपाशी नेलं, साबणाने हात धुतले, माझ्या पदराने कोरडे केले आणि सगळ्यांना दिसेल असा दुसरा थेंब घेतला. चौऱ्याण्णव.

मग मशीनच्या खोक्यातली घडी केलेली माहितीची पत्रिका काढून मी भाऊजींच्या हातात दिली आणि मराठीत छापलेला मजकूर वाचायला सांगितला. हात साबणाने धुवा. पूर्ण कोरडे करा. बोटाला गोड लागलेलं असेल तर आकडा खोटा वाढतो, बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन खोटा उतरतो. भाऊजी वाचत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. चमत्कार संपला. आधी गूळ मोजायचा, मग तीर्थ मोजायचं, रक्त कुणी मोजतच नव्हतं. पुढे कळलं की महाराज पूर्वी उल्हासनगरला हीच मशीनं दारोदार विकायचा. ही पत्रिका त्याला पाठ असणार.

महाराज म्हणाले, संशयी बाई मांडवात आली की शक्ती निघून जाते. मग मागच्या पत्र्यांमधून बाहेर पडून गाडीत बसले. आणि घाण वाटली ती त्यानंतर जे झालं त्याची. चाळीस-पन्नास माणसं गाडीमागे धावली, पकडायला नव्हे, बोनेटला हात लावून नमस्कार करायला. हा डुप्लिकेट निघाला, पण खरा महाराज दुसरीकडे आहे, असं एकजण मलाच समजावून गेला. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, हे कबूल करते.

भाऊजींनी ताईला उचलून रिक्षात ठेवलं.

इस्पितळात शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा साखर पाचशेच्या पुढे होती. ताईचं डावं पाऊल अर्धं कापावं लागलं. पाय वाचला, हेच नशीब, असं डॉक्टर म्हणाले.

जमिनीचा आणि शुगरचा संबंध आहे, आणि तो कुणालाही समजेल असा आहे. आमची आई दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची, भारे डोक्यावर घेऊन चालायची. खाल्लेला भात संध्याकाळपर्यंत जिरायचा. जमीन गेली तसं चालणं गेलं, काम गेलं. ताट मात्र तेच राहिलं, त्यावर हळदीच्या मांडवातलं कोल्ड्रिंक चढलं. पोट सुटलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. त्यात घराण्यातून आलेला भाग असतो. संध्याकाळी कारखान्यांकडून डोळे चुरचुरवणारी हवा येते तीही निर्दोष नाही. घाणेरड्या हवेतही शुगर बळावते, असं अभ्यास सांगतात. म्हणजे भूक राखणदाराची नव्हे. आपलं जगणं बदललं आणि शरीराला ते झेपलं नाही. चालणं वाढवता येतं, ताट बदलता येतं, औषध घेता येतं, हवेसाठी भांडता येतं. घास ठेवून यातलं काही होत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी ताईच्या उशाशी बसले होते. मी विचारलं, तुला तरी खरंच वाटलं होतं का, शुगर गेली म्हणून?

"मना पयल्याच आठवड्यात समजलं व्हतं गं," ती म्हणाली. "रातीला सा-सा वेला उठायची. पानी पिऊन पिऊन जीव दमायचा. पन यांनी आख्ख्या आलीत पेढं वाटलं. सासूनं माजी दिष्ट काढली. येवढी खूश झायली व्हती सगली, त्यांना कसा सांगू, का मना बरा नाय? तुला फोन लावला व्हता. तीनदा."

दोन हजार माणसांनी तिचा आकडा ऐकला. तिला कसं वाटतंय, हे एकानेही विचारलं नाही. त्या माणसांत मीही आले.

म्हणून हात जोडून सांगते. मशीन वापरा, पण हात साबणाने धुऊन, कोरडे करून, आणि आकडा अचाट वाटला तर लॅबमध्ये पडताळून. डॉक्टरला विचारल्याशिवाय सुई किंवा गोळी बंद करू नका, सांगणारा कितीही मोठा असो. आणि घरात कुणी चमत्काराने बरं झालं म्हणून पेढे आणायला निघालात, तर आधी त्या माणसापाशी जाऊन बसा. विचारा, पाणी किती लागतंय, झोप लागते का. आणि म्हणा, पाय दाखव.