वैनगंगेवरची सहल आणि बारा वर्षांची पोरं

मित्रांनो, माझ्या कडेला टेकून बसू नका, कपड्यांना डांबर लागेल. मी एक जुनी सागवानी नाव आहे. आरमोरीच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी ढिवरांचं, म्हणजे नाव चालवणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांचं, एक लहानसं गाव आहे. तिथल्या घाटावर मी राहते. आज तुम्ही एवढे जण मला बघायला आला आहात, तर माझी कहाणी ऐकूनच जा.

मला बुधू सुताराने घडवलं. अठरा हात लांब आणि पाच हात रुंद. माझ्या फळ्यांच्या फटींत त्याने कापूस आणि राळ ठोकून भरली. मला पहिल्यांदा पाण्यात लोटलं तेव्हा मी दोन घटका गळत राहिले आणि माझा मालक डोमा घाबरला. बुधू मात्र हसला. म्हणाला, "पिऊ दे तिले पाणी. लाकूड फुगलं का आपोआप मिटते." आणि तसंच झालं.

पुढे वीस वर्षं मी या काठावरून त्या काठावर गेले. धानाची पोती नेली, बाजाराच्या बाया नेल्या, बाशिंग बांधलेले नवरदेव नेले. एका मोठ्या पुरात डोमाने माझ्यात घालून अकरा माणसं आणि एक वासरू बाहेर काढलं, तेव्हा सरपंचांनी माझ्या टोकाला हार घातला होता. फार सुखाचे दिवस होते ते.

मग वरच्या अंगाला पूल झाला आणि एस.टी. पलीकडे जाऊ लागली. घाटावर येणारी माणसं कमी झाली, मग थांबलीच. डोमाने मला काठावर ओढून पालथी घातली. माझ्यावर शेळ्या उन्हं खात बसत. खाली कोंबड्या अंडी घालत. पाण्यावाचून माझ्या फळ्या आक्रसल्या आणि फटींतून ऊन आत येऊ लागलं. एक दिवस चंद्रपूरहून खुर्च्या-टेबलं करणारा एक माणूस आला. माझ्या अंगावर टिचक्या मारून म्हणाला, लाकूड चांगलं आहे. डोमाने मान खाली घातली आणि सांगितलं, शिवरात्र झाली की घेऊन जा.

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णवची. डोमाच्या बायकोला, गोकुळाला, ते बोलणं पटलं नाही.

"न्याची तर नेऊ द्या," ती म्हणाली. "पण आधी तिच्यातून मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेले जाऊ. सारं घर घेऊन."

"लोकं एस.टी.नं दोन-तीन घंट्यात जातेत अन् आपण दोन दिवस पाण्यात बसाचं?"

"हो, बसाचं. पोट्ट्याईले आपली नदी तरी दिसल."

डोमा तिच्यापुढे कधी टिकला नाही. त्याने मला सरळ केलं, फटी भरल्या, नवं डांबर दिलं, वर बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर बांधलं. चार दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर माझ्या फळ्या पुन्हा एकमेकींना भेटल्या. पोहणाऱ्याच्या अंगात येते तशी ताकद माझ्या अंगात आली.

आता माझ्यातून कोण कोण निघालं ते सांगते. डोमा आणि गोकुळा, त्यांची अकरा वर्षांची आचल आणि पाच वर्षांचा पिंटू. डोमाची बहीण जया सिंदेवाहीहून आली होती, तिच्यासोबत तिची बारा वर्षांची उर्वशी. बांबू लावून नाव ढकलायला डोमाचा जोडीदार मंगरू होता आणि मंगरूचा मुलगा लालसू, तोही बाराचाच. शेजारच्या दोन घरच्या बाया आपली चिल्लीपिल्ली घेऊन बसल्या. आणि निवृत्त झालेले वामनराव गुरुजी होते.

गुरुजी भला माणूस. पोरांचं मन रमावं म्हणून त्यांनी माझ्या मागच्या भागात, छपराखाली, 'बालकट्टा' केला. खाली सतरंजी अंथरली. सापशिडी, रंगीत खडू, गाण्यांची वही, चिंचोके, सगळं आणलं. आणि पाटीवर खडूने नियम लिहिला की तीन ते बारा वर्षांच्या सगळ्या मुलांनी कट्ट्यावरच बसायचं, समोर मोठ्यांमध्ये यायचं नाही.

लहानग्यांना स्वर्गच मिळाला. पिंटूने तर चिंचोक्यांच्या ढिगात लोळणच घेतली. पण मित्रांनो, माझी तिन्ही मोठी पोरं भिंतीला टेकवलेल्या पोत्यांसारखी बसून होती. गुरुजींनी चिऊ-काऊचं गाणं म्हणायला लावलं, तेव्हा उर्वशीने तोंड फिरवलं.

"मी काय लायनी पोट्टी आहो?" ती आचलच्या कानात म्हणाली. "घरी असती तर टीव्ही पाहत बसली असती. तुही नाव तुलेच लखलाभ."

आचलला ते लागलं. कारण तिलाही मजा येत नव्हती, आणि नाव तर तिच्या बापाची होती. ती उठून समोर गेली. तिथे बायांच्या गप्पा रंगल्या होत्या. जया आत्या म्हणाली, "इथी काऊन आली? मोठ्याईत बसू नाई. जाय मांगं."

मागे गेली तर पिंटू ओरडला, "गुरुजी, आचल ऐकत नाई!"

अकरा-बारा वर्षांचं वय असं असतं. मागे बसावं तर लाज वाटते, समोर बसावं तर कोणी बसू देत नाही. माझ्या अठरा हातांत त्या तिघांना बसायला हातभर जागा सापडेना. शेवटी आचल माझ्या अगदी टोकावर जाऊन बसली. तिथे एक जास्तीचा बांबू पडला होता. ती तो पाण्यात सोडू लागली, तळ लागला की वर ओढून ओला भाग वितीने मोजू लागली. थोड्या वेळाने लालसू आला. मग कंटाळून उर्वशीही आली.

"का करून राह्यली?"

"पाणी किती हाय ते पाहून राह्यली. निळं दिसते तिथी खोल हाय. जिथी पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसतेत, तिथी खाली रेती."

"कायी सांगते!" उर्वशीने बांबू ओढून घेतला. सुरकुत्यांमध्ये सोडला आणि तो गुडघाभर पाण्यात टेकला. तिने आचलकडे पाहिलं. मग पुन्हा सोडला. ऊन कलेपर्यंत तिघं पैजा लावत होती. गुरुजींनी चार वेळा हाक मारली, चारही वेळा तिघं कट्ट्यावर जाऊन बसली आणि चारही वेळा निसटली. संध्याकाळी रेतीवर मुक्काम पडला. गोकुळाने भात आणि लाखोरीची डाळ रांधली. जेवताना गुरुजी उदासपणे म्हणाले, "डोमाभाऊ, या मोठ्या पोरांना काही आवडतच नाही." मला वाटलं, झालं. माझ्या खुर्च्या होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी रेतीत रुतले.

या भागातली नदी डोमाच्या ओळखीची नव्हती. जुन्या आठवणीवर त्याने मला उजव्या काठाने घेतलं, पण मागच्या पावसाळ्यात नदीने आपली वाट बदलली होती. खर्रर्र आवाज झाला आणि माझं पोट रेतीवर बसलं. डोमा आणि मंगरू पाण्यात उतरले. ढकललं, ओढलं, बांबू लावून उचलून पाहिलं. त्यांचे खांदे सोलवटले, पण मी चार बोटंही हलले नाही. सगळीकडे पसरट, चकचकीत पाणी. त्यात खोल धार कुठून जाते, कळायला मार्ग नव्हता.

जया वैतागली. "दादा, पुरे झालं. त्या काठाले सडक हाय. पायी जाऊ अन् एस.टी. धरू."

डोमा घाम पुसत माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "चाला. सामान काढा. त्या चंद्रपूरवाल्याले सांगतो, इथूनच ने म्हणून."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा रडले असते. पण माझ्याऐवजी दुसरंच कोणी बोललं.

"बा, मले एक घंटा दे."

आचल बांबू घेऊन उभी होती. तिच्या मागे लालसू, त्याच्या मागे उर्वशी.

"तू का करशीन?"

"धार पाहतो आमी. कालपासून तेच करून राह्यलो ना. तुमी भारी आहा, रेतीत रुतता. आमी नाई रुतत."

गुरुजी धावत आले. "अजिबात नाही! डोहात पडाल एखाद्या! बालकट्ट्यावर..."

"गुरुजी," गोकुळा मध्येच म्हणाली, "जाऊ द्या. ढिवराची पोट्टी हाय माही. कंबरेले दोर बांधा अन् जाऊ द्या."

डोमाने आपल्या हाताने दोर बांधला. पुढे आचल, मध्ये लालसू. उर्वशीला पोहता येत नव्हतं, म्हणून ती शेवटी, घोटाभर पाण्यात, दोराचं टोक धरून. तिनेच विचारलं, "खुणा कायनं कराच्या?" काठावर पळस फुलला होता. त्याच्या फांद्या तिने मोडून आणल्या आणि कवेत घेऊन चालू लागली.

आचल नडगीला पाणी कसं लागतं ते बघत जाई. पाणी सुस्त लागलं की बाजूला सरके. पाणी पायाला ओढू लागलं की बांबू टेकवून खोली बघे आणि ओरडे, "इथी लाव!" मग लालसू रेतीत फांदी रोवत असे. एक फांदी, पाच फांद्या, अकरा फांद्या. माझ्यातली चिल्लीपिल्लीसुद्धा चिंचोके टाकून कडेला ओळीने उभी राहिली आणि मोजू लागली.

तेराव्या फांदीला लालसूच्या पायाखालची रेती सरकली. बघता बघता तो छातीपर्यंत आत गेला. दोराला हिसका बसला आणि आचल उताणी पडली. मंगरू ओरडत पाण्यात धावला, पण तो शंभर पावलं दूर होता. उर्वशीही तोंडावर आपटली. तिचं नाक, तोंड रेतीने भरलं, पण तिने दोर सोडला नाही. दोन्ही टाचा रुतवून ती मागे रेलली. आचल उठली आणि पोटावर आडवी होऊन तिने बांबू लालसूकडे सरकवला. "पाय नको मारू! आडवा हो! आडवा!" लालसू बांबूवर छाती टाकून आडवा झाला. दोघींनी त्याला वीतवीत ओढून घट्ट रेतीवर आणला. मंगरू पोचला तेव्हा तिघंही बसून धापा टाकत होती.

"चाल परत," मंगरू त्याचा हात धरून म्हणाला.

लालसूने तोंडातली रेती थुंकली. "बाबा, धार इथीच हाय. म्हणूनच रेती सरकली. सहा फांद्या उरल्या, लावूनच येतो."

मंगरूने त्याच्याकडे पाहिलं, मग दोराचं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

तासाभराने पाण्यात केशरी फुलांची एक वाकडीतिकडी ओळ उभी राहिली. ती माझ्यापासून निघून थेट निळ्या डोहापर्यंत गेली होती. सगळी माणसं खाली उतरली, सामान डोक्यावर घेऊन रेतीवरून चालू लागली. मी हलकी झाले. डोमा, मंगरू आणि पदर खोचलेल्या चार बायांनी मला खांदा लावला. गुरुजींनीही धोतर वर खोचलं. जया सगळ्यात जोरात ओरडत होती, "लावा जोर!" माझं पोट सुटलं. फांद्यांच्या कडेकडेने मी सरकत गेले आणि डोहात शिरले तेव्हा माझ्याखाली तीन पुरुष खोल पाणी होतं. असा जल्लोष झाला की काठावरचे बगळे उडाले. मग सगळे पुन्हा माझ्यात चढले.

पुढे मार्कंड्याजवळ नदी उत्तरेकडे वळते. वळण अवघड आहे. तिथे डोमाने सुकाणूचं वल्हं आचलच्या हातात दिलं. स्वतः बाजूला उभा राहिला आणि हात मागे बांधले. देवळांची शिखरं दिसू लागली. घाटावर जत्रेची माणसं उठून उभी राहिली. ओल्या केसांची, रेतीने माखलेली एक पोरगी भरली नाव घेऊन येते आहे, हे त्यांनी पाहिलं. तिने मला घाटाला असं अलगद लावलं की गुरुजींच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं नाही.

उतरण्याआधी गुरुजींनी तिघांना जवळ बोलावलं. "खरं सांगा. सहलीत मजा आली का?"

"काल नाई आली," उर्वशी म्हणाली. "आज आली. लय आली."

"मले अर्धी आली," लालसू म्हणाला. "अर्धा वेळ तं मी रेतीत होतो."

आचलने वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाली, "गुरुजी, कट्टा चांगला हाय. पण तो पिंटूचा हाय. आमाले खेळ नको, काम द्या."

गुरुजी मनमोकळेपणाने हसले. त्यांनी खडू घेतला आणि नियमातल्या बारावर काट मारून नऊ लिहिलं. दहा आणि त्यापुढच्यांसाठी त्यांनी खाली नवं लिहिलं: पाणी बघणं, खुणा करणं, वल्हं शिकणं.

शिवरात्रीनंतर चंद्रपूरचा तो माणूस आला. डोमा घाटावरूनच ओरडला, "फळ्या नाई भेटत! नाव कामात हाय!"

त्या दिवसापासून मी दर वर्षी जत्रेला जाते. गडचिरोलीहून, सिंदेवाहीहून कुटुंबं येतात, त्यांची मुलं येतात. सगळ्यांनाच आवडतं असं नाही. एकाला पोटात ढवळलं, एकीला दोन्ही दिवस एस.टी.च हवी होती. पण ज्यांना काम मिळालं, ती पुढच्या वर्षी आईबापाला ओढून घेऊन आली. आज दोन हजार सात साल आहे. आचल एकोणीस वर्षांची झाली. सुकाणू आता तिच्याच हातात असतं आणि डोमा समोर बायांत बसून गप्पा मारतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या नावेचं एवढं ऐका. जुनी वस्तू पडून राहिली म्हणून ती संपली असं समजू नका, तिला आधी एकदा कामाला लावून बघा. आणि आपल्या घरच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना नुसतं सांभाळू नका, त्यांच्यावर भरवसा ठेवा. मी ठेवला होता, कारण माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे इलाज असताना ठेवा.

आता बाजूला व्हा. यंदा माझ्यामागे दोन नव्या नावा आहेत, तिन्ही भरल्या आहेत, आणि आचलने दोर सोडायला सांगितला आहे.