अकरा दिवसांचा अबोला

आउनेला राग आला की ती आरडाओरडा करत नसे, भांडी आपटत नसे. ती अबोला धरायची. नवऱ्याशी धरला तर उर्हो गुमान लाकडं फोडायला बाहेर जायचा आणि दोन दिवसांनी कॉफीच्या निमित्तानं तह व्हायचा. पण मूल काही लाकडं फोडायला जाऊ शकत नाही.

हेल्का नऊ वर्षांची असताना शेजारणीला म्हणाली होती, "माझी खरी आई मला न्यायला येणार आहे." आपण दत्तक आहोत हे तिला ठाऊक होतं; कायानीसारख्या छोट्या गावात असली गोष्ट लपत नाही. शेजारणीनं ते हसत हसत आउनेच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून अकरा दिवस आउने मुलीशी बोलली नाही. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, वेण्या घट्ट. शब्द मात्र एक नाही. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "मोजे घाल, थंडी आहे," आणि तिच्या लेखी विषय संपला.

बाविसाव्या वर्षी हेल्का औलूच्या विद्यापीठातून अर्धं सत्र टाकून घरी आली. खोलीतल्या गरम पाण्याच्या नळीवर तिनं तीन घोंगड्या गुंडाळल्या. नळीतून लोक तिच्याविषयी बोलत होते. महिनाभरात ती इस्पितळात होती आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं : स्किझोफ्रेनिया.

"आपलं काय चुकलं गं?" गाडीत उर्होनं विचारलं.

"आपलं काही नाही. ते मुळातच होतं."

"म्हणजे?"

मग आउनेला सांगावंच लागलं. तान्ह्या हेल्काला घरी आणलं त्या दिवशी बालगृहातल्या बाईंनी आउनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरीची आई वेड्यांच्या इस्पितळात आहे, तिला आवाज ऐकू येतात. आउनेनं ते कुणालाच सांगितलं नाही. फक्त पाळत ठेवली. पोर एकटीच हसली की ही दाराआड उभी. पोर बाहुलीशी बोलली की ही कान देऊन ऐकायची.

उर्होनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "बावीस वर्षं माहीत होतं तुला? अगं, मला सांगितलं असतंस तर मी तिला आणखी जवळ घेतलं असतं."

पुढल्या वर्षी दत्तक मुलांचा अभ्यास करणारी एक डॉक्टर, साल्मेला नावाची, टेपरेकॉर्डर घेऊन घरी आली. अशा आजारी आयांची मुलं ज्या परक्या घरांत वाढली, त्या घरांत ती जात होती.

"घरात कुणी रागावलं की काय होतं?" तिनं विचारलं.

उर्हो टेबलाकडे बघत राहिला. "आम्ही रागावत नाही," आउने म्हणाली. टेप फिरत होती.

डॉक्टर निघताना आउनेनं दारात तिचा हात धरला. "खरं सांगा, हे रक्तामुळे की घरामुळे?"

"ज्यांच्या रक्तात हे नसतं ती मुलं कठीण घरातही बहुतेक तरून जातात," डॉक्टर हळूच म्हणाली. "ज्यांच्या रक्तात असतं त्यांच्यावर घराचा परिणाम जास्त होतो, चांगलाही आणि वाईटही. पण हे पुष्कळ घरांचं मिळून झालं, बाई. तुमच्या एका घराबद्दल मला नाही सांगता येणार."

तिनं दिलासा म्हणून सांगितलं. आउनेच्या काळजात मात्र ते काट्यासारखं रुतलं. रक्ताचं ओझं तिनं पोरीला जन्म देणाऱ्या बाईच्या खांद्यावर टाकलं होतं. घराचं कुणावर टाकणार?

मग तेर्तू आली, हेल्काची सख्खी थोरली बहीण. हेल्कानंच पत्र लिहून तिला शोधलं होतं. बस चालवणारी, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी बाई. हनुवटी अगदी हेल्काची. इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये आउने तिच्यासमोर बसली.

"तुम्हाला कुणी वाढवलं?"

"मावशीनं. तोंडाळ बाई हो! सकाळपासून शिव्या. पण शिव्या देऊन झाल्या की पावावर लोणी जाड लावायची."

आउनेनं कप बाजूला सारला. "म्हणजे रक्त तेच. तुम्ही ठणठणीत, आणि माझ्या घरात..."

"थांबा जरा," तेर्तू म्हणाली. "आमचा भाऊ त्याच मावशीच्या हाताखाली वाढला. त्याच शिव्या, तेच लोणी. तीन वेळा इस्पितळात गेलाय. आता काय मावशीला फासावर द्यायचं?" मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी भीतीपोटी मूलच होऊ दिलं नाही. रोज वाटतं, चुकले."

त्या दुपारी आउने वॉर्डात गेली. हेल्का पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आउनेनं पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं : बालगृहातली बाई, दाराआडची पाळत, ते अकरा दिवस.

हेल्कानं पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "तू बोलायची नाहीस ना, तेव्हा मीच तुझ्या आवाजात बोलायचे. पांघरुणात. 'हेल्का, झोप आता. हेल्का, शहाणी माझी.' छान जमायचं मला."

आउनेला रडू आवरेना. "माफ कर," एवढंच कसंबसं म्हणाली.

"माहीत नाही," हेल्का म्हणाली. "औषधानं मला नीट रागावताही येत नाही. बरी झाले की रागावेन. चालेल?"

"चालेल. माझ्यासमोर रागाव."

ती पूर्ण बरी झाली नाही. आवाज कमी झाले, गेले नाहीत. दीड वर्षानं ती गावाबाहेर आजारी लोकांसाठीच्या घरात राहायला गेली. सकाळी काचघरात काकड्यांच्या वेली बांधते. कधी पुन्हा इस्पितळात जाते, परत येते. दर बुधवारी आउने तिच्याकडे जाते. एका बुधवारी हेल्कानं तिला पाहताच कात्री खाली टाकली आणि भर काचघरात, सगळ्यांदेखत, तिच्यावर ओरडली. लहानपणाचं, शेजारणीचं, मोज्यांचं, सगळं. माळीणबाई धावत आल्या. आउनेनं हातानंच त्यांना थांबवलं.

उलट्या बादलीवर टेकून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो. केलं मी तसं." अपराधाचा भार रतीभरही हलका झाला नव्हता.