धुराचे पक्षी

पेंटरने लेकीच्या दोन बोटांमध्ये खडू खोचला आणि मागे सरकून डोळे बारीक केले.

"मनगट सैल सोड. हातात काही आहे हे विसरूनच जा."

लेक सोळा वर्षांची. घरात तिला सगळे ठकू म्हणत. ती निमूटपणे विसरून गेली. शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास कोंडला होता, दुपार आळसावून पडली होती आणि भिंतीएवढ्या पत्र्यावर एक बाई हळूहळू उमटत होती. तिच्या बोटांत सिगारेट, आणि सिगारेटमधून निघालेला धूर. धूर काढण्यात पेंटरचा हातखंडा होता. त्याचा धूर आधी केसांच्या बटेसारखा वळायचा, मग पाण्यासारखा वाहायचा, आणि पत्र्याच्या कडेशी पोचला की त्याचे पक्षी व्हायचे. ठकू त्या पक्ष्यांकडे बघत तासन्‌तास उभी राहायची. पेंटरने स्वतः मात्र जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्या वासाने त्याचं डोकं उठायचं.

जाहिरातीचा तो बोर्ड चौकात लागला. थोड्याच दिवसांनी बायकोने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीच्या स्वेटरला सिगारेटचा वास येतोय.  पेंटरने साऱ्या जगाच्या नावाने बोटं मोडली: ठकूच्या मैत्रिणी, त्यांचे मोकाट भाऊ, सिनेमे, सुट्या सिगारेटी विकणारा कोपऱ्यावरचा दुकानदार. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी पोरीला तरी विचारा.

ठकू त्याला चौकातच सापडली. संध्याकाळचं धुकं उतरत होतं, दिवे लागत होते, आणि बोर्डखालच्या कठड्यावर ती एकटीच बसली होती. ना मैत्रीण, ना कुणाचा भाऊ. बोटांत सिगारेट, मनगट सैल. ते मनगट पेंटरने लांबूनच ओळखलं. दोन थोबाडीत द्यायच्या म्हणून तो तरातरा आला होता, पण हात काही उठेना.

त्याला पाहून ती दचकली, खोकली. सिगारेट लपवायचंही तिला सुचलं नाही.

"बाबा, होतच नाहीत," ती रडवेली होऊन म्हणाली. "कितीदा करून पाहिलं. नुसता घसा जळतो. पक्षी होतच नाहीत."

पेंटर तिच्या शेजारी बसला.

"कसे होतील? तो धूर नाहीच."

"मग?"

"तू तान्ही होतीस तेव्हा थंडीत आई तुला न्हाऊ घालायची. मी दारात बसून त्या पाण्याची वाफ बघायचो. खिडकीतल्या उन्हात जाऊन ती काय काय व्हायची. तीच काढतो मी. दुसरं काही मला येतच नाही."

ठकूने सिगारेट दगडावर चिरडली. मान वर करून तिने बोर्डकडे पाहिलं.

"मग खाली सिगारेटचं नाव का लिहिलंत?"

 पेंटरनेही वर पाहिलं. आजवर त्याने आपलं काम हाताच्या अंतरावरूनच बघितलं होतं. रस्त्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेने, तो पहिल्यांदाच बघत होता. फार सुंदर दिसत होतं ते, आणि त्या सुंदर असण्याचीच त्याला भीती वाटली.